लेकराच्या हाताला लागेल असं चित्र

मी पाटोद्याहून बोलतेय. दसरा तोंडावर आलाय. आपल्याकडच्या कितीतरी घरांत बोचकी बांधायची तयारी सुरू झाली असेल. मुकादमाची उचल घेऊन झालीय, गाडी ठरलीय आणि आता प्रश्न उरलाय लेकरांचा. कुणाला बरोबर न्यायचं, कुणाला आजीजवळ ठेवायचं. आज मी बोलणार आहे ते मागं राहणाऱ्या लेकरांबद्दल. त्यांच्यासाठी घरच्या घरी एक चित्र कसं करायचं, ते सांगणार आहे. चिंध्या, रंग, कागद, माती असं सगळं एकत्र लावलेलं चित्र. शहरात याला मिक्स मीडिया कॅनव्हास म्हणतात. नाव मोठं आहे, काम आपल्या गोधडीचंच आहे.

"चित्रबित्र आपलं काम नाही" असं म्हणून रेडिओ बंद करू नका. मलाही चित्र काढता येत नाही. शाळेत माझ्या गाईला सगळ्यांनी शेळी म्हटलं होतं.

दोन वर्षांपूर्वी बचत गटाची बैठक संपली. बाकीच्या बाया उठल्या, एक जण मात्र बसून राहिली. तिची टोळी दसऱ्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात जाणार होती. मुलगा चार वर्षांचा. आदल्या साली त्याला बरोबर नेलं, तर कोपीतल्या थंडीनं तो सारखा आजारी पडला. मग हंगामाच्या मध्यातच त्याला आजीकडे आणून सोडलं. या साली सुरुवातीपासूनच ठेवायचं ठरलं होतं. ती मला म्हणाली, "ताई, महा पदर मुठीत धरल्याबिगर ह्यो झोपत न्हाई. एक लुगडं ठिवून जाऊ का?"

तिची सासू शेजारीच होती. ती म्हणाली, "मागच्या साली ठिवलं व्हतं की. चिखलात ओढलं, मंग धुतलं. धुतलं तसा वास गेला. मंग त्यानं हातबी लावला न्हाई. आठ दिस बोलला न्हाई कुणाशी."

हे ऐकून मला जिव्या सोमा मशे आठवले. वारली चित्रांचे हे मोठे कलाकार पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यातले. सरकारनं त्यांना २०११ साली पद्मश्री दिली, २०१८ साली ते गेले. ते सात वर्षांचे असताना त्यांची आई वारली आणि त्या धक्क्यानं त्यांनी बोलणंच सोडलं. जे सांगायचं ते मातीत बोटानं चित्र काढून सांगायचे. खरं तर वारल्यांमध्ये लग्नाचा चौक लिहायचं काम बायकांचं, पण हा मुलगा रोजच चित्र काढायला लागला. आपल्या लेकरांची आई काही कायमची जात नाही, ती परत येणार असते. पण चार वर्षांच्या मुलाला सहा महिने म्हणजे किती, ते कसं कळावं? ज्याला बोलता येत नाही, त्याला दाखवायला काहीतरी हाताशी लागतं. म्हणून मी तिला म्हटलं, नुसतं लुगडं ठेवू नकोस. त्याच लुगड्याचं चित्र करू. ते भिंतीवर राहील, चिखलात जाणार नाही. आणि आल्यागेल्याला त्यातलं काही ना काही दाखवावंसं त्याला वाटेल.

आता कसं केलं ते सांगते.

पहिली गोष्ट, काय काढायचं ते आपण ठरवायचं नाही, लेकराला विचारायचं. मी आपलं मनात ठरवलं होतं की घर, अंगण, तुळस आणि दारात आई. त्याला विचारलं तर म्हणतो, "बैल. आन् मोर. आन् टायरगाडी." आईचं नावच नाही. तिचा चेहरा एवढासा झाला. मी म्हटलं, थांब जरा, तो सांगेल.

मग पाया. मी आधी खोक्याचा पुठ्ठा घेतला, ती माझी चूक. ओला रंग लावला तसा पुठ्ठा पापडासारखा वाकडा झाला. दुकानात तयार कॅनव्हास मिळतो, पण त्याची गरज नाही. आम्ही सुताराकडून चार लाकडी पट्ट्यांची चौकट करून घेतली, दीड फूट बाय दोन फूट. तिच्यावर मांजरपाट ताणून मागच्या बाजूनं बारीक चुका मारल्या. मांजरपाट आधी धुऊन घ्यायचा, म्हणजे त्याची खळ जाते. फळीपेक्षा चौकट बरी, कारण कापडातून सुई आरपार जाते. आपली अर्धी चित्रकला सुईचीच आहे ना.

या कापडाला आस्तर द्यायचं. फेविकॉल, तेवढंच पाणी आणि भिंतीला लावायचा थोडा पांढरा डिस्टेंपर. याचे दोनच पातळ हात द्यायचे. जाड लेप दिला तर टाका घालताना सुई अडते आणि लेपाला चिरा पडतात. पहिला हात वाळल्यावरच दुसरा. उन्हात ठेवलं तर तासाभरात वाळतं.

मग रंग. ॲक्रिलिक रंगाच्या लहान बाटल्या मिळतात. लाल, पिवळा, निळा, पांढरा आणि काळा एवढे पाच बास. पिवळ्यात निळा घातला की हिरवा होतो, लाल-पिवळ्याचा केशरी. आभाळ आम्ही निळं केलंच नाही. त्या पोराला पिवळं हवं होतं, तर पिवळं. जमिनीला मात्र रंग लावला नाही, तिथं माती लावली. अंगणातली तांबूस माती जुन्या ओढणीतून चाळली, फेविकॉलमध्ये कालवली आणि बोटांनी सारवल्यासारखी पसरली. हे काम त्या पोरानंच केलं. त्याच्या चार बोटांच्या रेघा आजही तिथं दिसतात. कितीही चांगल्या ब्रशनं तशी जमीन झाली नसती.

आता क्रम लक्षात ठेवा, कारण क्रम चुकला की सगळं चुकतं. आधी रंग, तो पूर्ण वाळला की कागद, कागदावर कापड, आणि जड वस्तू सगळ्यांत शेवटी. कागदासाठी पाणी घातलेला फेविकॉल, कापडाला घट्ट. पतंगाचा कागद दिसायला छान असतो, पण ओला झाला की रंग सोडतो आणि आभाळाला डाग पडतो. घोटीव कागद त्यापेक्षा बरा. लाल आणि जांभळ्या कापडाचंही तसंच. ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघा. फडकं रंगलं तर ते कापड चिकटवू नका, टाक्यांनीच लावा.

आणि हे नीट ऐका. आईच्या पदराचा तुकडा फेविकॉलमध्ये बुडवू नका. चिकट वाळला की कापड पत्र्यासारखं कडक होतं, मऊपणा जातो, वासही जातो. मग ते लेकराच्या काय कामाचं? आम्ही पदर वरच्या बाजूनं धावदोऱ्यानं शिवला आणि खालून मोकळा सोडला. वीतभरच. त्याहून लांब कापड किंवा दोरा लोंबता ठेवायचा नाही. लहान लेकराच्या गळ्यात अडकायचं भय असतं. हा पदर धुतलेल्या लुगड्याचा घेतला नव्हता. ती जायच्या आदल्या संध्याकाळी, दिवसभर नेसलेल्या लुगड्याचा तुकडा काढून शिवला.

बैलाला आजोबांच्या जुन्या धोतराचं कापड. शिंगं रंगवली, झूल आजीच्या इरकलीच्या काठाची. मोराची गंमत झाली. आपल्या तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे, त्यामुळं पोरांना मोर माहीत आहे आणि मोरपीसही माहीत आहे. तो म्हणाला, "खरं पीस लावा." अभयारण्यातून पीस काय, वाळलं पानसुद्धा उचलून आणायचं नसतं. शिवाय मोर आपला राष्ट्रीय पक्षी आहे, पिसांच्या हौसेला त्याच्या जिवाचं मोल नको. म्हणून मोर आम्ही घडवला. थोरल्या बहिणीच्या शाळेच्या गणवेशाचं निळं कापड अंगाला, खणाच्या चिंध्या पिसाऱ्याला, आणि पिसांवरचे डोळे म्हणजे आईच्या पाकिटातल्या टिकल्या. टिकलीचा स्वतःचा गोंद आठ दिवसांत सुटतो, खाली फेविकॉलचा थेंब हवा. एवढ्या टिकल्या एकदम लावून मोर नवरीसारखा दिसायला लागला. आजी म्हणाली, "ह्याला बाशिंगच बांधा आता."

गाडीनं आम्हाला दमवलं. जुन्या सायकलच्या ट्यूबमधून दोन चाकं कापली, पण ती फेविकॉलनं चिकटेनात. फेविकॉल कागद, कापड, लाकूड अशा पाणी शोषणाऱ्या वस्तूंनाच धरतो. रबर, गुळगुळीत प्लॅस्टिक यांना नाही. शेवटी दाभणानं भोकं पाडून गोधडीच्या दोऱ्यानं चाकं टाचली. गाडीतला ऊस म्हणून कडब्याची वाळली पानं लावली. ती दोन दिवस कडक उन्हात वाळवून घेतली होती, नाहीतर कीड लागते.

गाडी झाल्यावर मी त्याला विचारलं, "आता तू कुठं आहेस?" त्याच्यासाठी त्याच्याच लहानपणच्या झबल्याच्या कापडाचं बोटभर माणूस कापून ठेवलं होतं. त्यानं ते उचललं आणि गाडीवर ठेवलं. मग आईच्या लुगड्याचं माणूस घेतलं आणि आपल्या शेजारी ठेवलं. घरापाशी कुणीच ठेवलं नाही.

आम्ही तिघी गप्प. माझ्या मनात आलं, हे असं कसं शिवायचं? ह्याला तर मागं राहायचंय. रोज चित्र बघेल आणि रोज रडेल. मी म्हटलं, "आपण तुला अंगणात आज्जीजवळ बसवू या का?" तर त्यानं मान हलवली. त्याच्या आईनं तोंडाला पदर लावला. तेव्हा आजीच बोलली, "बसवा की गाडीवर. चित्रात तरी जाऊ द्या लेकराला." मग ती दोन्ही माणसं गाडीवर शिवली. टाके आजीनं घातले, कारण आईचा हात चालेना.

काय लावायचं नाही, तेही सांगून ठेवते, कारण पोरं असली सगळी रत्नं गोळा करून आणतात. गुंजा लावायच्या नाहीत. लाल-काळी दिसते सुंदर, पण आत जहर आहे, लेकरानं चावली तर जिवावर बेतू शकतं. एरंडाच्या बियाही नकोत, त्याही विषारीच. सीताफळं आपल्या बालाघाटात भरपूर, त्याच्या काळ्या बिया चकचकीत दिसतात, पण त्यांची पूड आपण उवांसाठी वापरतो ना? ती डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा होते. काचेच्या बांगड्यांचे तुकडे नकोत. मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर मणी, चिंचोके, बटणं काहीच नको, फक्त शिवलेलं कापड. कारण ते मूल चित्र बघत नाही, चाखतं. आणि कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, तीही लेकराच्या वस्तूला नको.

सगळं मिळून आमचे दोनशे रुपयांच्या आत पैसे गेले, तेही रंग आणि पट्ट्यांचेच. एक शिक्षिका ते चित्र बघून मला म्हणाल्या, असलं काम पॅरिसमध्ये पिकासोनं केलं होतं. मी मग शोधून वाचलं. १९१२ साली त्यानं कॅनव्हासवर वेताच्या खुर्चीची नक्षी छापलेलं मेणकापड चिकटवलं आणि चौकट म्हणून भोवती दोर लावला. त्याचं केवढं कौतुक झालं. आपल्या आज्या फाटक्या लुगड्याला दंड घालतात, वाकळेला ठिगळ लावतात, तेव्हा त्याला गरिबी म्हणतात. जाऊ द्या.

आता माझी दुसरी चूक, आणि ही पुठ्ठ्यासारखी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. चित्राच्या खालच्या बाजूला मी चोवीस बटणं दोऱ्यानं अडकवली होती. दर रविवारी आजीनं एक बटण काढायचं. सगळी बटणं संपली की आई येणार. त्याला दिवस मोजता येतील असं मला वाटलं. पोराला ते फार आवडलं. रविवारची वाट बघायचा. पण कारखान्याचा हंगाम आपल्या बटणांनी चालत नाही. त्या साली त्यांची टोळी आणखी तीन आठवडे थांबली. शेवटचं बटण निघालं आणि आई आली नाही. तो संध्याकाळपर्यंत रस्त्याला बसून होता. रात्री त्यानं चित्रावरचा मोर ओरबाडला. आजीचा मला फोन आला. ती रागावली नाही, एवढंच म्हणाली, "ताई, मोजाय नगं शिकवाया पायजे व्हतं."

मी दुसऱ्या दिवशी गेले. आजीनं तोवर स्वतःच तोड काढली होती. काढलेली बटणं डब्यात होती. आईचा फोन आला की त्यातलं एक बटण तो चित्रावर लावणार. म्हणजे कमी व्हायचं नाही, वाढत जायचं. कुठं संपायचं ते ठरलेलंच नाही, त्यामुळं खोटंही पडणार नाही. तेव्हापासून मी कुणालाच उलटी मोजणी करू देत नाही. तारीख आपल्या हातात नसेल तर ती लेकराला देऊ नका.

मोराचा पिसारा त्यानं आणि मी मिळून पुन्हा लावला. थोडा वाकडा लागला. तसाच आहे.

चित्र कुठं लावायचं? आपण देवाच्या तसबिरीसारखं उंच खिळ्याला लावतो. तसं नको. त्याच्या डोळ्यासमोर, हात पोहोचेल इतक्या उंचीवर, जिथं तो झोपतो तिथं. वरून आणि खालून दोन्हीकडं पक्कं बांधा, म्हणजे ओढलं तरी अंगावर येणार नाही. ओल येते त्या भिंतीला नको. धूळ कोरड्या फडक्यानं झटकायची, पाणी लावायचं नाही. मळेल, विटेल, एखादी चिंधी सुटेल. सुटली की पुन्हा शिवा. आणि एक कोपरा रिकामा ठेवा, वीतभर तरी. बरोबर फेविकॉलची लहान बाटली आजीकडं देऊन ठेवा. त्या पोरानं हिवाळाभर त्या कोपऱ्यात काय काय लावलं! गोळीचा कागद, बसचं तिकीट, अंगणवाडीतल्या खिचडीतला एक वाटाणासुद्धा. तो वाटाणा मुंग्यांनी नेला, त्यावर त्याचं म्हणणं असं की मुंग्याही ऊसतोडीला गेल्या.

आई परत आली त्या दिवशी मी मुद्दाम गेले नव्हते. घरच्यांचं घरच्यांत असू द्यावं. नंतर तिनंच सांगितलं. तो आधी तिच्याजवळ आलाच नाही. परक्या बाईसारखं बघत आजीच्या मागं उभा राहिला. ज्या बाया हंगाम करून येतात त्यांना हे ठाऊक आहे, आणि ते काळजाला किती लागतं हेही ठाऊक आहे. ती तशीच चित्रापाशी जाऊन बसली, त्याच्याकडं न बघता. थोड्या वेळानं तो हळूच आला आणि तिला एकेक गोष्ट दाखवायला लागला. हा बैल. हे आजोबांचं धोतर. हा मोर, मीच फाडला व्हता. आणि मग तो पदराचा तुकडा मुठीत धरून तिला म्हणाला, "ह्यो मह्या मायचा पदर हाय." जणू तिला ते माहीतच नव्हतं. ती म्हणाली, "व्हय का? बघू." आणि आपला पदर त्या तुकड्याशेजारी धरला.

यंदा आमच्या गटातल्या पाच जणींनी चौकटी करून घेतल्यात. मुलींसाठी तीन, मुलांसाठी दोन. एका मुलीनं विंचरणा नदी आणि सौताड्याचा धबधबा मागितलाय, त्याला पांढरं कापड किती लागेल याचा हिशेब चाललाय. ज्यांना करायचंय त्यांनी मांजरपाट आजच धुऊन टाका, तो वाळायला वेळ लागतो. चौकटीसाठी सुताराला आठवडाभर आधी सांगा, दसऱ्याच्या आत त्याच्याकडं गर्दी असते. आणि पदराचा तुकडा मात्र शेवटच्या संध्याकाळीच काढा. कात्री आणि सुई-दोरा बोचक्यात बांधून टाकू नका, वर हाताशी ठेवा.